गिधाडाचा प्रश्न आणि दहावीची उजळणी

परीक्षा जवळ आल्या की दहावीच्या वर्गांत जीवशास्त्राची उजळणी सुरू होते. मंडळे निराळी, भाषा निराळ्या. पण पर्यावरणाच्या प्रकरणावरील एक प्रश्न बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. अन्नसाखळीतील एक दुवा नाहीसा झाला तर काय होईल? उत्तरही ठरलेले असते. साखळी तुटेल आणि निसर्गाचा समतोल बिघडेल. या उत्तराला गुण मिळतात. अडचण एवढीच की, त्या उत्तराला फारसा अर्थ नसतो. समतोल कशाचा, तो कोणत्या बाजूने बिघडतो, किती काळात बिघडतो आणि त्याची झळ कोणाच्या दारापर्यंत पोहोचते, यांपैकी काहीही त्या वाक्यात नाही. हेच वाक्य वाघाबद्दल लिहिता येते, बेडकाबद्दल लिहिता येते आणि गवताबद्दलही लिहिता येते. जे उत्तर सर्व प्रश्नांना चालते, ते कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नसते.

वास्तविक या प्रश्नाचे अत्यंत तपशीलवार उत्तर भारताच्या भूमीवर गेल्या तीन दशकांत लिहिले गेले आहे. दुवा नाहीसा झाला, तो गिधाडाचा.

१९९०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्या लक्षात आले की, गिधाडांची घरटी ओस पडत आहेत आणि झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडे पुढे मरून पडत आहेत. पुढील सर्वेक्षणांतून जे चित्र उभे राहिले, त्याला पक्ष्यांच्या इतिहासात फारशी जोड नाही. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांतून एक उरले. कारण सापडायला २००४ साल उजाडले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडांचा अभ्यास करून ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, गुरांना वेदना आणि सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध गिधाडांचा जीव घेत आहे. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घातली.

येथे उजळणी घेणाऱ्या शिक्षकाने क्षणभर थांबावे. हा प्रसंग वर्गात सांगितला आणि कारण विचारले, तर हुशार विद्यार्थी झटकन एक शब्द उच्चारतो: बायोमॅग्निफिकेशन. पुस्तकात तो शब्द ठळक अक्षरांत असतो आणि डीडीटीचे उदाहरण त्याला जोडलेले असते. विष साखळीच्या प्रत्येक पायरीवर अधिकाधिक साठत जाते आणि सर्वांत वरच्या प्राण्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. विष होते, साखळी होती, वर बसलेला पक्षी होता, सगळे जुळले. तरीही हे उत्तर चूक आहे.

डीडीटी चरबीत विरघळते, लवकर विघटित होत नाही, म्हणून साठते. डायक्लोफेनॅक तसे साठत नाही. जनावराच्या शरीरातून ते काही दिवसांत निघून जाते. औषध दिल्यानंतर थोड्याच काळात जनावर दगावले, तर मात्र त्याच्या मांसात ते उरलेले असते, आणि असे एक जनावर खाणेही गिधाडाला पुरेसे असते. औषधाने त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. पक्षी नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. मूत्रपिंड थांबले की हे आम्ल रक्तात वाढते आणि यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडावर पांढऱ्या थरासारखे साचते. शवविच्छेदनात नेमके हेच दिसले. म्हणजे या मृत्यूचे कारण समजण्यासाठी पर्यावरणाचे प्रकरण पुरत नाही; ‘उत्सर्जन’ हे प्रकरण उघडावे लागते. पुस्तकात या दोन प्रकरणांच्या मध्ये कित्येक पानांचे अंतर असते. गिधाडाच्या शरीरात ते नसते.

हा भेद पांडित्याचा नाही. निदान चुकले तर उपायही चुकतो. साठत जाणारे विष असते, तर ते निसर्गातून ओसरण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली असती. येथे औषध बदलणे हाच खरा उपाय होता. मेलोक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना घातक नाही, हे तपासून पाहिले गेले आणि त्याच आधारावर बंदी व्यवहार्य ठरली. पुढे माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याचे दिसल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणण्यात आला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्याही पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ॲसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होते, हे त्यामागील साधे रसायन होते.

आणखी एक प्रश्न वर्गात सहसा विचारला जात नाही. औषध दिलेली किती जनावरे गिधाडांच्या वाट्याला आली असतील? संशोधकांच्या गणितानुसार मृत जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत घातक मात्रा असली, तरी एवढी घसरण होऊ शकते. एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो, गिधाडे अन्नासाठी फार दूरवर फिरतात आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याची संख्या प्रौढ पक्ष्यांच्या दीर्घायुष्यावर टिकलेली असते. प्रौढ मरू लागले की पिलांनी ती तूट भरून निघत नाही. उंदीर आणि गिधाड यांच्यावर सारखेच संकट आले, तर उंदीर का सावरतात आणि गिधाड का सावरत नाही, हा दोन गुणांचा उत्तम प्रश्न होऊ शकतो.

आता साखळी तुटल्याचा परिणाम. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात गाई-म्हशींसह गोवंशीय पशुधन ३० कोटींहून अधिक आहे. या जनावरांपैकी मोठा हिस्सा खाटकाकडे जात नाही. मेल्यावर तो गावाबाहेर टाकला जातो. गिधाडे विघटक नव्हेत. विघटक म्हणजे जिवाणू आणि बुरशी. (हाही घोटाळा उत्तरपत्रिकांत नेहमीचा.) गिधाडे मृतभक्षक आहेत, आणि त्यांचे महत्त्व वेगात आहे. ज्या शवाचा फडशा थवा बघता बघता पाडत असे, ते आता दिवसेंदिवस सडू लागले, पाण्यात मिसळू लागले, आणि त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जाऊ लागल्या. मुंबईच्या पारशी समाजाला तर आपल्या दखम्यांच्या शतकानुशतके चालत आलेल्या अंत्यविधीचाच पुनर्विचार करण्याची वेळ आली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडे विपुल होती आणि जिथे ती मुळातच कमी होती, अशा जिल्ह्यांच्या मृत्युदरांची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: गिधाडे नाहीशी झाल्यानंतर त्या जिल्ह्यांतील मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला आणि २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे ५ लाख अतिरिक्त मृत्यू घडले. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, मोजलेली नोंद नव्हे. त्यावर चर्चा होऊ शकते. परंतु ‘समतोल बिघडेल’ या वाक्याच्या जागी काय लिहिता येते, याचा हा नमुना आहे.

शालेय जीवशास्त्राची बाजू येथेच कळीची ठरते. देशातील विज्ञानविषयक मोठ्या बातम्या वाचण्यासाठी विद्यापीठातील ज्ञान लागत नाही. नववी-दहावीच्या आठ-दहा संकल्पना पुरतात, मात्र त्या कामाला लावता आल्या पाहिजेत. चित्त्याचे उदाहरण घ्यावे.

१९५२ मध्ये भारतातून नामशेष घोषित झालेला चित्ता १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आला. पहिल्या खेपेत आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. त्यानंतर बातम्यांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक, चित्ते उद्यानातून ‘पळाले’. दोन, चित्ते अचानक मरण पावले. पहिल्या बातमीसाठी ऊर्जेचा मनोरा आठवावा. एका पोषण पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोहोचते, हा नियम रेमंड लिंडमन यांच्या १९४२ मधील शोधनिबंधावर उभा आहे. दहा हा आकडा सोयीची सरासरी आहे, निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नव्हे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष अटळ आहे. वरच्या पातळीवर मोजकेच प्राणी जगू शकतात आणि त्यांतील प्रत्येकाला फार मोठा प्रदेश लागतो. कुनो राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र ७४८ चौरस किलोमीटर आहे, आणि चित्ता हा मांसभक्षकांमध्येही विरळ वस्तीचा, दूर भटकणारा प्राणी. त्याने हद्द ओलांडली ती पळून जाण्यासाठी नव्हे. हद्द नकाशावर होती, त्याच्या भुकेला ती दिसत नव्हती. हरणांची संख्या, गवताची प्रत आणि भोवतालच्या गावांतील गुरे हे या बातमीचे खरे मुद्दे होते. चर्चा मात्र चित्त्यांच्या नावांची झाली.

दुसरी बातमी अधिक बोलकी आहे. २०२३च्या पावसाळ्यात काही चित्ते दगावले, तेव्हा पट्ट्याखालच्या त्वचेत जखमा, त्यांत अळ्या आणि रक्तातील जंतुसंसर्ग आढळला. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी पुढे जे स्पष्टीकरण दिले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने आनंदाने छापावे असे आहे. दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हा हिवाळा. त्या ऋतूची तयारी म्हणून या चित्त्यांच्या अंगावर दाट केस उगवले. पण ते होते भारतात, उकाड्यात आणि पावसात. ओले दाट केस, खाज, खरचटलेली त्वचा, माश्या, अळ्या. देश बदलला तरी शरीराने पंचांग बदलले नव्हते. ‘अनुकूलन म्हणजे सजीवाने परिस्थितीशी जुळवून घेणे’ ही व्याख्या पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हे कोडे उलगडणार नाही, कारण त्या व्याख्येत जुळवून घेणे ही जणू प्राण्याची इच्छा आहे. अनुकूलन ही पिढ्यान्‌पिढ्या घडलेली गोष्ट असते आणि ती विशिष्ट ठिकाणाशी बांधलेली असते. विमानात बसवून ती नव्याने घडवता येत नाही.

वनांच्या बातमीचीही तीच गत. २०२३च्या राष्ट्रीय वनस्थिती अहवालानुसार भारताचे वन व वृक्ष आच्छादन भूभागाच्या २५.१७ टक्के आहे. या मोजणीत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन ‘वनाच्छादन’ ठरते, मग ती आमराई असो, नारळाची बाग असो वा सह्याद्रीचे जुने रान. मोजणीची ती रीत आहे आणि अहवाल ती लपवत नाही. परिसंस्था म्हणजे झाडांची बेरीज नव्हे, हे ज्याला वर्गात नीट कळले, तो हा आकडा योग्य अर्थाने वाचतो. ज्याला कळले नाही, तो माळरानावर झाडे लावून माळढोकाचे उरलेसुरले घर मोडतो आणि ते पुण्यकर्म समजतो.

या सर्व संकल्पनांच्या तळाशी उत्क्रांती आहे, आणि नेमकी तीच दहावीच्या पानांतून गेली. कोविडच्या काळानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी पाठ्यपुस्तकांची काटछाट केली. दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचे प्रकरण गेले. नववीतून सजीवांतील विविधतेचे आणि ‘आपण आजारी का पडतो’ हेही प्रकरण गेले. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे उत्क्रांती वगळण्याला विरोध केला. त्यावर उत्तर आले की, बारावीच्या जीवशास्त्रात डार्विन जसाच्या तसा आहे. हे खरेच आहे. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी थोडे. वाणिज्य, कला, अभियांत्रिकी यांकडे वळणारा, किंवा शाळाच सोडून शेतात व कारखान्यात जाणारा मुलगा वा मुलगी उत्क्रांतीला पुन्हा कधीही भेटणार नाही. विज्ञान सर्वांना सक्तीचे असते ते दहावीपर्यंतच. जे सर्वांना कळायला हवे, त्याची जागा तेथेच आहे.

ते कळले नाही तर काय होते, हे कापसाच्या शेतात पाहावे. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. झाडातच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते. लाखो अळ्यांत एखादीच या प्रथिनाला दाद न देणारी असते. शेतात सर्वत्र बीटीच असेल, तर बाकीच्या मरतात आणि उरलेल्या त्या थोड्या एकमेकींतच वाढतात. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कापसाच्या बियाण्याचे १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जाई. ते कडेने लावावे, त्यावर साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांच्या पतंगांचा प्रतिरोधक पतंगांशी संकर होऊन प्रतिरोध पातळ राहावा, हा हेतू. यात मेंडेलही आहे आणि डार्विनही. शेतकऱ्याला मात्र ते पाकीट म्हणजे अळ्या पोसण्याचा उद्योग वाटला आणि ते बहुधा बांधावर फेकले गेले. त्याला दोष देता येत नाही. पाकिटामागील तर्क त्याला कोणी शिकवला नव्हता. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळीचा प्रतिरोध जाहीर झाला. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे आतून पोखरलेली निघाली.

घराघरांतली गोष्टही हीच. प्रतिजैविकाचा डोस मधेच सोडू नये किंवा मनाने औषध घेऊ नये, असे सांगितल्यावर उत्तर येते, ‘शरीराला औषधाची सवय होते.’ सवय शरीराला होत नाही आणि जंतूंनाही होत नाही. औषधाने दुबळे जंतू मरतात, न मरणारे उरतात आणि तेच वाढतात. उद्या ते शेजाऱ्याच्या शरीरात जातात. २०१६ पासून औषधांच्या पाकिटांवरील लाल रेघेचा अर्थ समजावणारी सरकारी मोहीम सुरू झाली. ज्या पिढीच्या पुस्तकातून नैसर्गिक निवड वगळली, त्या पिढीला ती रेघ केवळ नियम म्हणून पाळावी लागेल, आणि कारण न कळलेला नियम गरजेच्या वेळी प्रथम मोडतो.

शिक्षकांची बाजूही नोंदवली पाहिजे. हाताशी आठवडे थोडे, वर्गात मुले पुष्कळ आणि पालकांची नजर गुणांवर. व्याख्या पाठ करून घेण्यात काही पाप नाही. शब्दच माहीत नसेल तर विचार कशाच्या आधारे करणार? केंद्रीय मंडळाने २०२३-२४ पासून दहावीच्या प्रश्नपत्रिकेत निम्मे प्रश्न क्षमताधिष्ठित केले, हे पाऊल योग्य दिशेचे आहे, जरी खासगी शिकवण्यांनी त्यांचीही तयार उत्तरे छापायला वेळ लावलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत असताना उत्क्रांतीला दहावीपर्यंत तिची जागा परत द्यावी, ही मागणी तर लावून धरावीच. परंतु पुस्तकाची वाट न पाहताही उजळणीची पद्धत बदलता येते. एक प्रसंग घ्यावा आणि तो समजण्यासाठी किती प्रकरणे उघडावी लागतात, ते मुलांनाच शोधू द्यावे. गिधाडासाठी उत्सर्जन, प्रजनन, अन्नजाळे आणि औषधशास्त्राचा थोडा भाग लागतो. बोंडअळीसाठी आनुवंशिकता लागते आणि वगळलेली उत्क्रांतीही. एका तासात अशी एकच गोष्ट होईल. तेवढी पुरे.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे संवर्धन व प्रजनन केंद्र आहे. तेथे वाढवलेली पांढऱ्या पाठीची काही गिधाडे २०२० मध्ये मुक्त करण्यात आली. २०२४ च्या जानेवारीत काही गिधाडे ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. एक जोडी वर्षाला एक अंडे घालते. पिलू वयात यायला पाचेक वर्षे लागतात आणि प्रत्येक पिलू तेथवर जगतेच असे नाही. दहा जोड्या सोडल्या, तर त्यांच्या शंभर होण्यास किती वर्षे लागतील, आणि त्या काळात औषध दिलेली किती जनावरे उघड्यावर पडलेली चालतील? या वर्षीच्या सराव प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न घालता येईल. गणिताच्या शिक्षकांनाही तो सोडवायला बोलवावे.